महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आरोग्याची खतावणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पन्नास वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरचा विद्यार्थी मॅट्रिक झाला की बहुधा दुकानाच्या गादीवर बसत असे. आज अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन आणि उरण येथील घराघरांतून मुले-मुली मुंबई-पुण्यास, लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, तर काही थेट परदेशी शिक्षणासाठी जात आहेत. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात याहून समाधानाची गोष्ट दुसरी कोणती? शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा, पुस्तके यांची चिंता समाज वाहतो. परंतु प्रवेशाच्या धांदलीत एक विषय नेहमी मागे पडतो. तो म्हणजे विद्यार्थ्याचे आरोग्य आणि त्याच्या लसीकरणाची नोंद. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ आणि खतावणी कधी अपुरी राहत नाही. दिवाळीला वहीपूजन होते, जुनी वही जपून ठेवली जाते, दहा वर्षांपूर्वीचे येणे-देणे क्षणात सापडते. त्याच घरात मुलाला गोवराची लस कोणत्या महिन्यात दिली, धनुर्वाताची शेवटची मात्रा केव्हा झाली, असे विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. लसीचे कार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत असते, घर बदलताना हरवलेले असते किंवा पुराच्या पाण्यात गेलेले असते. कापडाच्या एका ठाणाचा हिशेब राहतो आणि अपत्याच्या आरोग्याचा राहत नाही, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

लसीचा इतिहास या किनाऱ्याला परका नाही. समोरच्याच मुंबई बंदरात १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वीपणे दिली गेलेली देवीची ती पहिली लस होय. पुढे सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा खोलीत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या शरीरावर तिचा प्रयोग केला. परळची त्यांची प्रयोगशाळा सन १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. म्हणजे प्लेगची पहिली लस जन्मली तीच मुळी एका महाविद्यालयाच्या वास्तूत. ज्येष्ठ मंडळींच्या दंडावर देवीच्या लसीचे गोल व्रण आजही दिसतात. नातवंडांच्या दंडावर ते नाहीत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सन १९७५ मध्ये आढळला आणि सन १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. दंडावरचा व्रण नाहीसा होणे, हेच लसीचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र आहे.

महाविद्यालयात पाऊल ठेवण्यासाठी लसीचा दाखला लागावा, हा अनुभव महाराष्ट्राने सन २०२१ मध्ये घेतला. कोरोनामुळे दीर्घकाळ बंद असलेली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडली, तेव्हा अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्याची अट होती. लगोलग २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात ‘मिशन युवा स्वास्थ्य’ ही मोहीम राबवून महाविद्यालयांतच लसीकरण करण्यात आले. त्या वेळी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानी आली. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर होते. ज्या विद्यार्थ्याने ऑगस्टच्या अखेरीस पहिली मात्रा घेतली, त्याला दुसरी नोव्हेंबरपूर्वी मिळणे शक्य नव्हते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शासनाला जून २०२१ मध्ये अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा देण्याची खास सवलत जाहीर करावी लागली. ती अट आता इतिहासजमा झाली आहे. परंतु तिने शिकविलेला धडा कायमचा आहे. पैसे भरून प्रवेश एका दिवसात मिळतो, लसींमधील अंतर मात्र पैशाने कमी होत नाही.

आता प्रत्यक्ष कोणती तयारी करावी, ते क्रमाने पाहू.

कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या सामान्य महाविद्यालयात प्रवेश घेताना सहसा लसीचा दाखला मागितला जात नाही. त्यामुळेच पालक निश्चिंत राहतात. वास्तविक राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त लस, जिला टीडी म्हणतात, ठरवून दिलेली आहे. सोळावे वर्ष म्हणजे अकरावीचे वर्ष. ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात व शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळते. शाळा सुटलेली, महाविद्यालय नवे, अशा संधिकाळात ती नेमकी राहून जाते. गंजलेला खिळा, मोटारसायकलवरून पडणे, समुद्रकाठच्या कालवांनी पाय कापणे हे या किनाऱ्यावर रोजचेच. त्यामुळे अकरावीच्या प्रवेशाबरोबर टीडीची मात्रा घेण्याचा नियम प्रत्येक घराने करावा.

दुसरी लस हिपॅटायटिस-बी म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या काविळीची. राष्ट्रीय कार्यक्रमात ती संपूर्ण देशभर सन २०११ पासून आली. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेक मुलांना ती मिळालेली नसण्याची शक्यता आहे. ज्यांनी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतली, त्यांची नोंद हाती असेलच असे नाही. वैद्यकीय, दंतवैद्यक, परिचारिका किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या अभ्यासक्रमास जाणाऱ्यांचा रक्ताशी संबंध येतो, म्हणून त्यांना ही लस अत्यावश्यक समजावी. तिच्या तीन मात्रा असतात : पहिली, एक महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. बारावीच्या दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास पहिली मात्रा घेतली, तर परीक्षा आटोपून उन्हाळ्यात तिसरी पूर्ण होते आणि विद्यार्थी निर्धास्तपणे प्रवेशास सिद्ध होतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्याचे पहिले सत्र अपुऱ्या संरक्षणात जाते.

मुलींच्या बाबतीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लसीचा विचार संकोच न बाळगता करावा. चौदा वर्षांपर्यंत आणि त्यानंतर घेताना तिच्या मात्रांची संख्या वेगळी असू शकते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला लवकर घेणे हिताचे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस स्वदेशात तयार केली असून सन २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली आहे. हा विषय आईने मुलीशी बोलण्याचा आहे. लाजेखातर टाळण्याचा नाही.

परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे अनेक ठिकाणी लसीची नोंद ही प्रवेशाची अट असते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्याला गोवर, गालगुंड आणि रुबेला यांपासून संरक्षण असल्याचा पुरावा कायद्याने द्यावा लागतो. टेक्सास राज्यात बावीस वर्षांखालील नव्या विद्यार्थ्याला मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकोकल लस घ्यावी लागते. येथे आपल्याकडील पालकांची फसगत होते. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून एमआर लस देण्यात आली. ती गोवर-रुबेलाची आहे. तीत गालगुंडाचा अंतर्भाव नाही. तसेच नवव्या महिन्यात दिलेली गोवराची मात्रा तिकडे मोजली जात नाही, पहिल्या वाढदिवसानंतरचीच मोजतात. परिणामी सर्व लसी झाल्या आहेत अशा समजुतीत असलेल्या मुलाला एमएमआरच्या दोन मात्रा अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने घ्याव्या लागतात. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणार असेल, तर मे महिन्यातच आरंभ करणे शहाणपणाचे.

क्षयरोगाचीही तपासणी अनेक विद्यापीठे मागतात. भारतात जन्मतःच बीसीजी टोचली जाते. त्यामुळे त्वचेवरील चाचणी कधी कधी क्षय नसतानाही होकारार्थी येते. अशा वेळी रक्ताची आयजीआरए चाचणी अधिक उपयुक्त ठरते. एमएमआर लस आणि त्वचेची चाचणी एकाच दिवशी करावी, अन्यथा लसीनंतर चार आठवडे थांबावे, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळ जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. या सर्वांसाठी मुंबईच्या खेपा होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्यामुळे गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाल्याने अडचण हलकी झाली आहे, तरी उधाणाच्या दिवसांवर विसंबून कागदपत्रांची मुदत गाठण्यात शहाणपण नाही.

काही श्रावक कुटुंबांत एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो : लस कशापासून बनते? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उत्तर प्रत्येक लसीचे वेगळे आहे. हिपॅटायटिस-बीची लस यीस्टच्या साहाय्याने तयार होते. टीडी ही जीवाणूंनी निर्माण केलेल्या विषाला निर्विष करून बनविली जाते. फ्ल्यूच्या अनेक लसी मात्र कोंबडीच्या अंड्यात वाढविल्या जातात, काही तशा नसतात. शंका असेल त्याने डॉक्टरांना लसीचे नाव घेऊन स्पष्ट विचारावे, घरातील वडीलधाऱ्यांशी आणि पूज्य साधु-साध्वींशी चर्चा करावी व मग निर्णय घ्यावा. एवढे मात्र ध्यानात असावे की, गोवरासारखा रोग लस न घेतलेल्या एकापासून वसतिगृहातील अनेकांना, त्यांच्या घरच्या तान्ह्या बाळांना आणि दुर्बल वृद्धांना जडतो. आपल्यामुळे दुसऱ्या जिवास पीडा होऊ नये, हा विचार ज्या घरात पिढ्यानपिढ्या रुजला आहे, त्या घराने हिशेबाची ही बाजूही मांडून पाहावी.

लस म्हणजे सर्व आरोग्य नव्हे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जखमी पायाने चालल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्यावर प्रचलित लस नाही, म्हणून पायांची काळजी आणि तापात तत्काळ डॉक्टर हाच उपाय. कुत्रा चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. एक-दोन घेऊन थांबणे प्राणावर बेतते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा वसतिगृहात जाणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासलेले असावे. शाकाहारी व्यक्तीला बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. मेसमध्ये दूध-दही सुटले, की थकवा, मुंग्या येणे, विसराळूपणा सुरू होतो आणि पालक त्याला अभ्यासाचा ताण समजतात. साध्या रक्ततपासणीने हे कळते.

शेवटी, करावयाचे काय? प्रत्येक विद्यार्थ्याची एक आरोग्यवही असावी. तीत जन्मापासूनच्या लसींच्या तारखा, लसीचे नाव, डॉक्टरांची सही व शिक्का, रक्तगट, ॲलर्जी, जुने आजार आणि चालू औषधे यांची नोंद असावी. मूळ कार्ड हरवले असेल तर जुन्या बालरोगतज्ज्ञांकडे व आरोग्य केंद्राकडे चौकशी करावी. नोंद न मिळाल्यास लस पुन्हा घ्यावी की रक्तातील प्रतिकारशक्ती तपासावी, हे डॉक्टर सांगतील. वहीची छायाचित्रे मोबाईलमध्ये आणि एक प्रत घरी ठेवावी. लस घेतल्यावर अर्धा तास तेथेच बसावे, कारण या वयात चक्कर येण्याचा संभव असतो.

संस्थांनीही दरवर्षी दिवाळीनंतर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी तपासणी शिबिर भरवावे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत आरोग्यवहीची प्रत मागावी. अट म्हणून नव्हे, आठवण म्हणून. ज्याची वही अपुरी, त्याला मदत नाकारण्याऐवजी लस मिळवून द्यावी. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बांधलेल्या वास्तू जुन्या होतील, फलक फिके पडतील. परंतु एखादी मुलगी चाळीस वर्षांनी निरोगी आजी होऊन याच सभागृहात बसली, तर तिच्या वहीतील एका ओळीचे श्रेय त्या वेळच्या समाजाकडे जाईल. व्यापारात उधारी वेळेवर वसूल न झाल्यास तोटा पैशाचा होतो. ही नोंद राहिली तर तोटा कशाचा होईल, हे प्रत्येक पालकाने आपल्या मनाशी ठरवावे.

सर्व विद्यार्थ्यांना आरोग्यपूर्ण विद्याभ्यासासाठी हार्दिक शुभेच्छा.

जय जिनेंद्र!