ओढा आणि विहीर: पाणी एकच

आज पाण्याबद्दल बोलायचंय. पाण्याचं आपल्याला कुणी काय शिकवावं म्हणा, जन्मभर डोक्यावरून वाहिलंय आपण! तरी एक विचारते. पाऊस दसरा-दिवाळीला थांबतो. मग संक्रांतीला आपला ओढा वाहतो, तो कुणाच्या जिवावर?

डोंगराच्या पोटातल्या पाण्याच्या. आपल्या सह्याद्रीत लाव्हारसाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेत. मांजऱ्या खडक लवकर झिजून भुसभुशीत होतो, त्यात पाणी मुरतं. खाली अखंड काळा पाषाण लागला की ते अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. तोच आपला झरा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माथ्यावरचा जांभा दगड तो पितो आणि खाली झऱ्यांतून सोडत राहतो. कृष्णा, कोयना तिथल्याच.

खोऱ्याच्या तळाला तर ही देवाणघेवाण रोजचीच. विहिरीचं पाणी ओढ्यापेक्षा उंच असेल, तर जमीन ओढ्याला पाणी देते. विहीर खाली गेली, की ओढाच जमिनीत मुरायला लागतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात आपण झिरा खणतो आणि वाटीवाटीनं पाणी येतं ना? ओढा तिथं खाली उतरलेला असतो.

आता आमच्या गावची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एकानं बोअर घेतली. पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी होळीपर्यंत वाहणारा ओढा जानेवारीतच तुटला, मागोमाग पाणवठ्याची विहीर खाली गेली. आम्ही बायका ग्रामसभेत बोललो. तो म्हणाला, "मी ओढ्याला हात लावला नाही. माझं पाणी जमिनीखालचं." सगळे गप्प. पाणी एकच आहे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण दाखवायला आकडा नव्हता. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता का, तेही कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून बोअरमुळेच झालं, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही.

तेव्हापासून आमचा बचतगट मोजतो. झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरायची, मोबाइलवर सेकंद बघायचे. ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले, तर जवळजवळ ३९० माणसांचं पाणी! विहिरीला गाठी मारलेली दोरी, कठड्यापासून पाण्यापर्यंत. हे सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. दर पौर्णिमेला, म्हणजे तारीख विसरत नाही. शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजायचं पात्र ठेवलंय, ते मुली वाचतात. वही बचतगटाच्या पेटीतच असते.

आणखी एक. सरकारी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायची नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून आहे. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

येत्या ग्रामसभेत वरच्या वाडीच्या नव्या बोअरचा विषय आहे. या वेळी आम्ही वही घेऊन बसणार आहोत.