पेटी : आपली आपण



मी गवई नाही, वादक नाही. एका कचेरीत चौतीस वर्षे जमाखर्च लिहून निवृत्त झालेला मनुष्य आहे. बावन्नाव्या वर्षी घरातील अडगळीत पडलेली वडिलांची पेटी मी खाली काढली, धूळ झटकली, आणि गुरूवाचून शिकावयास बसलो. त्या खटाटोपात ज्या चुका झाल्या, त्यांच्या आधारावर मी आपल्यापुढे उभा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी पेटी असेल, नाहीतर नातवासाठी आणलेला विजेचा कीबोर्ड असेल. म्हणून हा विषय सांगण्यासारखा वाटला.

पेटी मूळची परदेशी. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदविला. ती पायाने भाता मारण्याची होती. तिला जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांच्या सोयीची हातपेटी करण्याचे श्रेय बहुधा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांना देतात. आपल्याकडे संगीत नाटकांनी तिला घरोघर पोहोचविले. पुढे १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचे सूर भारतीय स्वरांशी जुळत नाहीत, हे आक्षेप होते. ते दार पुन्हा किलकिले होण्यास सुमारे तीस वर्षे लागली. त्या काळातही आपल्या भजनी मंडळांनी मात्र पेटी खाली ठेवली नाही.

आक्षेप खोटे नव्हते. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे १.२५. आजच्या समान अंतराच्या पेटीवर तोच गंधार १.२६ पट येतो, म्हणजे किंचित चढा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप केला, तो याच कारणाने. ती प्रचारात आली नाही. परंतु नवशिक्याला नडते ती ही श्रुतीची बारीक तफावत नव्हे. त्याला नडतो पेटीचा भलेपणा.

सारंगीवर बोट केसभर सरकले की शेजारीसुद्धा खिडकी लावून घेतो. पेटीवर तीन वर्षांच्या मुलाने पट्टी दाबली तरी गोल, भरलेला सूर निघतो. आपण चुकलो हे पेटी कधी सांगत नाही. गुरू समोर असता तर त्याने सांगितले असते. एकट्याने शिकणाऱ्याला सांगणारे कोणी उरत नाही. मी दोन वर्षे अशीच आनंदात घालविली.

मी काय केले ते ऐका. बाजारातून एक पुस्तक आणले. पुस्तकात पट्ट्यांचे चित्र होते आणि त्यावर सा, रे, ग, म लिहिले होते. मी कागदाचे तुकडे कापून खळीने पट्ट्यांवर डकविले. पांढरी एक म्हणजे सा, पांढरी दोन म्हणजे रे. बोटे मात्र पुस्तकाप्रमाणे नीट ठेवली : अंगठा, तर्जनी, मध्यमा, मग मध्यमेखालून अंगठा पुढे नेऊन मध्यमावर, म्हणजे ‘म’ या स्वरावर. (बोट आणि सूर यांचे नाव एकच असल्याने पहिल्या आठवड्यात माझा फार घोळ झाला.) हा अंगठा खालून नेण्याचा अभ्यास ज्याने टाळला त्याचा हात सप्तकाच्या मध्यावर अडतो, तेवढा कंटाळा सोसलाच पाहिजे. भात्याचेही तसेच. आपल्या पूर्व भागात हातमागावर बसलेला विणकर पाहा. पाय आपले काम करतात, हात धोटा फेकतात, आणि डोळा कापडावर असतो. डाव्या हाताचा भाता असा विसरता आला पाहिजे. त्यासाठी रोज एकच सूर धरून, तो न हिंदकळता जितका वेळ टिकेल तितका टिकवावा.

एवढ्या तयारीवर मला दहाबारा अभंग वाजवता येऊ लागले, आणि मी आमच्या आळीतल्या गुरुवारच्या भजनाला पेटी घेऊन गेलो.

तेथे एक आक्का होत्या. वय सत्तरीच्या पुढे. मराठी, कानडी दोन्ही भजने म्हणत. आवाज बारीक पण सरळ. त्यांनी अभंग उचलला, आणि माझी बोटे पट्ट्यांवर आंधळ्यासारखी फिरू लागली. त्यांचा सा माझ्या कागदाच्या तुकड्यावर नव्हता. कोठे होता ते मला सापडेना. मी पांढरी एक दाबून म्हणालो, “आक्का, जरा इथून घ्या.” त्यांनी बिचाऱ्यांनी घेतला. खालून घेतला तो टाळांत ऐकू येईना. वरून घेतला तर अंतऱ्याला आवाज फाटला. दुसऱ्या अभंगाला त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या पेटीत बसेल तेवढंच म्हणते मी.” आणि तिसऱ्याला त्या टाळ घेऊन गप्प बसल्या.

चाळीस वर्षे गाणाऱ्या बाईचा आवाज माझ्या दोन वर्षांच्या विद्येने बंद पाडला. घरी आलो आणि ओल्या फडक्याने ते कागद पुसून काढले.

मग जे शिकलो ते पुस्तकात नव्हते. पेटीवर काळ्या पट्ट्या पाचच. पांढऱ्यांना हात न लावता तिसऱ्या काळीला सा माना आणि वर चढत जा. भूप निघतो. त्याच पाच पट्ट्या, पण आता काळी एक सा धरा. दुर्गा निघतो. काळी पाच सा धरली की मालकंस, काळी चार धरली की मधमाद सारंग, काळी दोन धरली की धानी. पट्टी एकही बदलली नाही. बदलला फक्त सा. ज्या पट्टीला मी भूपात गंधार म्हणत होतो, तीच मालकंसात षड्ज होऊन बसली! हे कळले त्या रात्री मला झोप आली नाही. पट्टीला नाव नसते. ते तिला सा देतो. आजच्या कीबोर्डवर सा सरकविण्याचे बटण असते, आणि सगळी पट्टीच सरकविता येते अशाही पेट्या मिळतात. गायकाच्या साथीला ती सोय चांगली आहे. शिकणाऱ्याने पहिली दोन वर्षे तिला शिवू नये, नाहीतर ते माझे कागदाचे तुकडेच पुन्हा डकविल्यासारखे होईल.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी तानपुरा लावावयाचा (आता तो मोबाईलमध्येही मिळतो), गळ्याने सा लावावयाचा, मग डोळे मिटून तो पेटीवर शोधावयाचा. प्रत्येक ओळ आधी गाऊन मग वाजवावयाची. गळा चुकतो आणि चुकल्याचे सांगतो. पेटीत नसलेला गुरू तो थोडासा भरून काढतो. माझा आवाज कावळ्याचा आहे, तरी चालले.

आपण म्हणाल, गोविंदराव टेंबे पेटी आपली आपणच शिकले ना? बरोबर. १८८१ साली कोल्हापूरकडे जन्मलेले टेंबे बव्हंशी स्वयंशिक्षित वादक. परंतु त्यांच्या भोवती काय होते ते पाहा. कोल्हापूरचा देवल क्लब, तेथील मैफली, भास्करबुवा बखल्यांचा सहवास, अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे. बोटांना शिकवणी नसेल, पण कान एक दिवस उपाशी राहिला नाही. म्हणून तर १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारा माणूस त्या पेटीतून उभा राहिला. मी खोलीचे दार लावून दोन वर्षे पुस्तकापुढे बसलो होतो.

सहा महिन्यांनी पुन्हा भजनाला गेलो. या वेळी पेटी उघडली नाही. आक्कांनी सुरुवात केली, त्यांचा सा कानात धरला, आणि हळूच शोधला. काळी चार. एक कडवे नुसता सा धरून बसलो, दुसऱ्यापासून मागे मागे गेलो. त्या गात राहिल्या. शेवटी मी भीत भीत विचारले, “कसं झालं?” म्हणाल्या, “बरं झालं. पण भाऊ, मी श्वास घेते तिथं तुम्ही पण घेत जा.” तो धडा अजून चालू आहे.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षमहाशय करीत आहेत. पेटी येथे व्यासपीठावर ठेवली आहे, कागद न लावलेली. ज्यांना काळ्या पट्ट्यांवर भूप शोधून पाहावयाचा असेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर खुशाल वर यावे. आधी सा मात्र गळ्याने लावून यावा.