बेरीज जुळेना, तर आधी यंत्र तपासा

मांजरसुंब्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

दसरा-दिवाळी आली की आपल्याकडच्या कितीतरी जणी ऊसतोडीला निघतात. जायच्या आधी गटाचा हिशेब मिटवून सह्या-अंगठे करावे लागतात. अशा वेळी मोबाईलवर एक आकडा आणि टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर दुसराच आला, की कुजबुज सुरू होते. बोट जातं हिशेब लिहिणाऱ्या ताईकडं. पैसे कुणी खाल्लेले नसतात, दोन यंत्रांची रीत वेगळी असते.

वही-पेन घ्या. गटात १२ जणी आहेत. प्रत्येकीची बचत १०० रुपये आणि कर्जाचा हप्ता ५० रुपये. साध्या कॅल्क्युलेटरवर १०० अधिक ५० गुणिले १२ दाबलं, तर १,८०० येतात. बहुतेक मोबाईलवर तेच दाबलं, तर ७०० येतात. साधं यंत्र आपण दाबू त्या क्रमानं चालतं. मोबाईल शाळेतल्या नियमानं आधी गुणाकार करतो, मग बेरीज. आपला खरा आकडा १,८०० आहे. म्हणून मोबाईलवर आधी १०० आणि ५० ची बेरीज करा, बरोबरचं बटण दाबा, १५० आले की मग १२ नं गुणा.

आता संगणकावरचं एक्सेल. तिथं तीन गोष्टी बघा.

पहिली, चौकटीत ५०० च्या पुढं 'रुपये' असं लिहिलं, तर संगणक त्याला आकडा न मानता अक्षरं मानतो आणि बेरजेतून वगळतो. ओळखायची खूण सोपी आहे. आपण काही बदल केला नसेल, तर आकडा उजवीकडं चिकटतो आणि अक्षरं डावीकडं. चौकटीत नुसता आकडाच ठेवा.

दुसरी, रक्कम बदलली तरी खालची बेरीज हलत नसेल, तर 'फॉर्म्युलाज'मध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' बघा. तिथं 'मॅन्युअल' असेल तर 'ऑटोमॅटिक' करा. तेवढ्यापुरतं एफ ९ दाबलं तरी चालतं. गंमत अशी, की दुसऱ्याकडून आलेली मॅन्युअल फाईल आधी उघडली, तर तिच्यामागून उघडलेली आपली चांगली फाईलही तशीच वागते. दोष आपल्या फाईलचा नसतो, आधीच्या फाईलची सेटिंग लागू झालेली असते.

तिसरी, तारीख. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून. संगणक अमेरिकी पद्धतीवर असला, तर तो ६ मे धरतो आणि व्याजाचा एक महिना इकडचा तिकडं होतो. महिना अक्षरात दिसेल असं करून बघा, चूक लगेच कळते.

पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्ज आणि परतफेडीबरोबर हिशेबही आहे. तो सगळ्यांना कळला तरच गट टिकतो. म्हणून पुढच्या बैठकीत एकच बेरीज तीनदा करा: वहीत, मोबाईलवर आणि संगणकावर. जुळली तर सह्या करा. नाही जुळली तर कुणाला बोल लावण्याआधी यंत्र तपासा. आणि वही कधी सोडू नका, तिला सेटिंग नसते.