गाडीचा तळ आणि हजेरीपुस्तक

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांचा रोजगार म्हटलं की पापड, मसाले, शिवण आणि ब्यूटी पार्लर यांच्यापलीकडे आपली यादी फारशी जात नाही. आज मी मोटारीच्या पत्र्याबद्दल बोलणार आहे. जुन्या गाडीचा गंजलेला तळ कापून नवा कसा बसवतात, त्याबद्दल. तुम्हाला वाटेल, आता ही संसाराला लागलेल्या गंजावर येणार. नाही येणार. आपल्या दोन मैत्रिणींच्या मजुरीचा प्रश्न त्या पत्र्यात अडकलाय, म्हणून पत्र्याबद्दलच बोलते.

दोघीही आमच्या केंद्रात तक्रार घेऊन आलेल्या. घर सोडलेलं, शाळा आठवी-नववीपर्यंत. मुंबईतल्या एका गॅरेजात त्यांना झाडलोटीचं काम मिळालं. तिथे हौशी लोकांच्या जुन्या गाड्या दुरुस्तीला येतात. सध्या तिथे प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ही गाडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईत पिढ्या वाहिल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सीच्या धंद्यातून कायमची गेली. आता ज्यांच्याकडे उरली आहे ते तिला जिवापाड जपतात.

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे पायाखालचा पत्रा नुसता पाय ठेवायला नसतो, तो गाडीचा भार पेलतो. काचेच्या आणि दाराच्या रबरातून पावसाचं पाणी आत झिरपतं, मॅटखालच्या नमद्यात मुरतं, आणि पत्रा सडतो. वरून मॅट टाकली की कुणाला दिसत नाही. धंद्यातली पळवाट अशी, की सडक्या पत्र्यावरच नवा तुकडा चिकटवायचा, वरून काळा डांबरी रंग फासायचा. पुढच्या पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि गंज दुप्पट.

नीट काम करायचं तर आधी मॅट, सीट, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी काढायची. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे तुकडे टाके मारून पक्के करायचे, नाहीतर तळ कापल्यावर बॉडी खचते आणि दारं लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची. हातोडीने ठोकत जायचं. जिथे पत्रा खणखणीत वाजतो तिथपर्यंत कापायचं. सडक्या कडेला वेल्डिंग धरत नाही, भोकच पडतं.

मग नवा पत्रा. या गाडीचा तयार तळ सहज मिळत नाही, हातानेच बनवावा लागतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा. मिस्त्रीने अंदाजाने कापलेले दोन पुठ्ठे मधल्या उंचवट्यापाशी बसेनात. दोघींपैकी मोठी तिथे झाडत होती. ती म्हणाली, ‘‘याला माया कुठे सोडलीय?’’ ती पूर्वी ब्लाउज बेतायची. तिने नवा पुठ्ठा कापला, वळणापाशी चिरा दिल्या, कडेला अर्धा इंच माया ठेवली. पुठ्ठा बसला. मिस्त्री शहाणा माणूस. त्याने त्याच दिवशी तिच्या हातात पत्र्याची कात्री दिली.

पुढचं तो शिकवत गेला. साधारण एक मिलिमीटर जाडीचा सीआर पत्रा घ्यायचा. सपाट ठेवला तर तो डब्याच्या झाकणासारखा वाजतो, म्हणून लाकडात खाच कोरून त्यावर ठोकून त्याला उभ्या पन्हळ्या काढायच्या; त्यानेच ताकद येते. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा वाकडा होतो. शेवटी प्राइमर, सांध्यांत सीलर, खालून कोटिंग.

आता अडचणी. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि नायलॉनची साडी यांचं जमत नाही. जाड सुती पँट-शर्ट हवा. धाकटीच्या आईला हे कळेना. तिचं म्हणणं, गाडीखाली उताणं झोपणारी बाई लोक बघतात. कपडे बदलायला आडोसा मिळवण्यात आमचे दोन महिने गेले. एकदा मालकाने स्वस्तात मिळाला म्हणून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणला. मुलामा घासून न काढता, दार लावून वेल्डिंग झालं. रात्री धाकटीला थंडी वाजून ताप. जस्ताच्या धुराने असा ताप येतो, दिवसा-दोन दिवसांत उतरतो. मिस्त्रीलाही आला होता. त्याच्या बाबतीत म्हणाले, हवा बदललीय. हिच्या बाबतीत म्हणाले, बायकांना झेपत नाही! (एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला जस्ताच्या धुराबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. मीही आधी तेच म्हणाले असते, ही कबुली देते.)

डावी बाजू पुरी झाली. साचा, कापणी, पन्हळ्या, अर्ध्याहून जास्त टाके या दोघींचे. गाडीचा धनी येऊन बघून खूष झाला. हजेरीपुस्तकात मात्र दोघींच्या नावापुढे अजून ‘सफाई’ लिहिलंय आणि रोजही तोच. शेजारच्या मुलाला, जो त्यांच्यानंतर आला, ‘डेंटर’ लिहिलंय. मालक म्हणतो, त्या शिकताहेत. तो मुलगाही शिकतोच आहे. समान वेतनाचा १९७६ चा कायदा घ्या की २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींत काम सारखं आहे की नाही हे कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी पाहून ठरतं. पुस्तकात काय नाव लिहिलंय त्यावरून नाही. पण उद्या दाद मागायची तर पहिला कागद तेच पुस्तक असणार, म्हणून त्या एका शब्दासाठी आम्ही अडून बसलोय.

दोघींनी आता रोजच्या कामाची वही ठेवली आहे. तारीख, काय कापलं, किती जोडलं, सोबत कोण होतं. मिस्त्रीने खाली सही करायचं कबूल केलंय, मालकाला न सांगता.

उजवी बाजू कापायला घेण्याआधी बोलणी व्हावीत, असं दोघींचं म्हणणं. तळ अर्धा उघडा असताना मालकालाही घाई असते, हे त्यांनीच हेरलं. मला सुचलं नव्हतं. सोमवारी बैठक आहे. मी बाहेर बसणार, बोलणार त्या दोघी.