तारीख चुकवू नका
(ज्येष्ठ नागरिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



विषय जरा अवघड आहे. सहा वर्षांपूर्वी मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रात्रीतून चार-पाच वेळा उठायचो, पण 'वय झालं' म्हणून वर्षभर कोणाला बोललो नाही. असा त्रास बहुतेकांना ग्रंथी नुसती वाढल्यामुळे होतो, कॅन्सर नसतोही. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते दाबायला मला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. एकदा बरं वाटतंय म्हणून मी तारीख टाळली आणि पीएसए वाढला. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, हे नोकरीभर कर्जदारांना बजावलं. स्वतःचं खातं मात्र थकवलं! या इंजेक्शनने अंगातून गरम वाफा निघतात. सौ. हसून म्हणाली, "आता कळलं का आम्हा बायकांचं?" तेव्हापासून तारखा तिच्या ताब्यात आहेत.

दवाखान्याच्या बाकावर मालेकडचे एक शेतकरी भेटायचे. दोन वेळा दिसले नाहीत. नंतर म्हणाले, "साहेब, भातलावणी सोडून पुण्याला कसं येणार? एसटीत अख्खा दिवस जातो." माझ्याकडे गाडी, पेन्शन आणि सौ. त्यांच्याकडे यातलं काहीच नाही. आजार एकच!

अमेरिकेत या कॅन्सरने काळ्या पुरुषांचे मृत्यू गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट होतात. पण माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जिथे सर्वांना सारखे उपचार मिळतात, तिथे मृत्यूंमधला हा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे सगळा दोष रक्ताचा नाही. उपचारापर्यंत कोण पोचतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

त्या शेतकऱ्यांना डॉक्टरांनी दुसरा पर्याय सांगितला. वृषण काढण्याचं ऑपरेशन एकदाच होतं आणि इंजेक्शनांइतकंच काम करतं. निर्णय ज्याचा त्याचा, पण पर्याय कळायला हवा.

म्हणून तीन विनंत्या. पन्नाशीनंतर पीएसएबद्दल डॉक्टरांना विचारा. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्ड काढा; २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि पुण्याला दवाखान्यात गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर लिहावं. आपले वॉचमन, माळी, कामवाल्या मावशींच्या घरचे, कोणालाही त्या गाडीत जागा मिळेल.

पंचवीस वर्षांत आपण पाणी, रस्ता, लिफ्ट सगळं मिळून केलं. हेही करू.