‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. तिच्यात साहित्य, इतिहास, धर्म असे विषय शोभून दिसतात. मी मात्र ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांवर बोलणार आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हे शब्द आता मराठीच झाले आहेत. रेशनच्या दुकानात ते कानी पडले की ‘औंदा पाऊस नाही’ या चालीवर माणसे ते स्वीकारतात आणि रिकामी पिशवी घेऊन डोंगर चढू लागतात. पावसापुढे इलाज नाही, हे कबूल. परंतु सर्व्हर म्हणजे पाऊस नव्हे. तो माणसांनी उभा केला आहे. आणि माणसाने उभे केलेले जेव्हा बिघडते, तेव्हा ते कोठे बिघडले हे शोधून काढता येते.

मी इंजिनियर नव्हे. युनियनच्या कामात ही यंत्रे आडवी आली, म्हणून पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून थोडेफार शिकलो, एवढेच.

दुकानातले ई-पॉस यंत्र हे मागणारे आणि सर्व्हर हा देणारा. आपण बोट टेकवले की ठसा सांकेतिक रूपात मोबाइलच्या जाळ्यावरून राज्याच्या सर्व्हरकडे जातो. तेथून तो आधार प्राधिकरणाकडे पडताळणीला जातो, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेत कितीतरी सांधे आहेत. कोणताही एक निखळला, तरी दुकानात शब्द एकच ऐकू येतो: सर्व्हर डाऊन!

मोठ्या संगणकव्यवस्थांत आणखी एक सांधा असतो. मूळ वहीपुढे लाखोंची रांग लागू नये म्हणून वारंवार लागणाऱ्या माहितीच्या नकला अनेक संगणकांच्या स्मृतीत वाटून ठेवतात. यास ‘कॅशे’ म्हणतात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन तरुणाने २००३ साली ‘मेमकॅश्ड’ नावाची अशी रचना केली, आणि ती पुढे जगभर वापरली गेली. कल्पना मात्र आपल्या घरातलीच आहे. डिंभ्याचे धरण तुडुंब भरलेले असले, तरी तहान लागली की आपण धरणावर जात नाही. घरातल्या रांजणात तांब्या बुडवतो.

पण रांजणाचे दोषही ध्यानात घ्या. पाणी शिळे होते: मूळ वहीत सुनेचे नाव चढलेले असते आणि नकलेत अजून जुनीच यादी असते. अशा वेळी माणसाला खोटे ठरवण्याआधी नक्कल कधीची आहे, हे विचारले पाहिजे. दुसरे, साऱ्या गावाचे रांजण एकदम रिते झाले, तर सारे गाव एकाच वेळी धरणाकडे धावते. नकला पुसल्या गेल्या की मूळ सर्व्हरवर अशीच झुंबड उडते. त्यात जो तो पुनःपुन्हा बटण दाबतो, आणि उठू पाहणारा सर्व्हर पुन्हा आडवा होतो. म्हणून जाणते लोक यंत्राला शिकवतात: उत्तर आले नाही तर थोडे थांब, पुन्हा नाही आले तर त्याहून अधिक थांब.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘नाही’ हे एक उत्तर आहे. ‘उत्तरच आले नाही’ ही निराळी गोष्ट आहे. आधारच्या पडताळणीत ३०० हा क्रमांक आला, तर ठसा जुळला नाही; ३३० आला, तर धारकाने आपले ठसे कुलूपबंद केले आहेत. ही झाली उत्तरे. परंतु वाट पाहून यंत्र थकले, तर त्यातून माणसाविषयी काहीच सिद्ध होत नाही. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला तीस तबकड्या आहेत. एखाद्या तबकडीकडून संकेत आला नाही, म्हणून तेथील शास्त्रज्ञ ‘आकाशात तारा नाही’ असे लिहीत नाहीत; ते आधी तार तपासतात. मग भात लावून आणि हिरडा वेचून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्या बाईच्याच बाबतीत तार न तपासता ‘हक्क नाही’ असे का लिहावे?

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मागणी पोहोचली, सर्व्हरने ‘धान्य दिले’ अशी नोंद केली, आणि परतीच्या वाटेत उत्तर हरवले. दुकानात अपयश, वहीत यश! पुन्हा बोट ठेवावे, तर ‘या महिन्याचे उचलले आहे’ असे उत्तर येते. म्हणून फसलेल्या प्रयत्नानंतर आधी नोंद तपासावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

तेव्हा दुकानदाराशी हमरीतुमरी न करता चार प्रश्न विचारा. अडचण एकाची की साऱ्या रांगेची? याच दुकानाची की शेजारच्या गावातही? यंत्रावर नेमका कोणता मजकूर आणि क्रमांक आला? वहीत नोंद काय झाली? एकट्याची अडचण असेल, तर ठसा किंवा नाव पाहा. दुकानापुरती असेल, तर यंत्र किंवा रेंज पाहा. तालुकाभर असेल, तर दोष वर आहे. तारीख, वेळ आणि मजकूर कागदावर उतरवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. वेळ लिहिलेला कागद सर्व्हरच्या नोंदीशी ताडून पाहता येतो.

कायदाही हाच भेद जाणतो. जोडणी नाही किंवा ठसा जुळत नाही, एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात हक्काचे धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद आहे. अंत्योदय कुटुंबाचे महिन्याचे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

यंत्राला माझा विरोध नाही. यंत्र चोरी रोखत असेल, तर ते हवेच. पण यंत्र बिघडले, तर त्याची किंमत कोणी मोजायची? आज ती मजुरी बुडवून खेपा घालणारा मोजतो. ज्याची व्यवस्था त्याने बिघाड सोसावा, आणि ज्याचा हक्क त्याने धान्य घेऊन घरी जावे, एवढाच साधा न्याय आपण मागत आहोत. तो मागण्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. ‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’ यांतला फरक समजला की पुरे.