‘छान’ म्हणण्यापूर्वी



शाळेच्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ होणारे हे व्याख्यान मराठीच्या प्राध्यापकाने द्यावे, हे थोडे विचित्रच. परंतु मला आज एका चुकीची कबुली द्यायची आहे, आणि तिला हीच जागा योग्य.

काही वर्षांपूर्वी याच शाळेचा एक विद्यार्थी कलामहाविद्यालयाच्या प्रवेशाआधी आपली चित्रे मला दाखवावयास आला. हल्ली जिला पोर्टफोलिओ म्हणतात, ती चाळीसएक चित्रांची फाइल. राजवाडा होता, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या होत्या आणि छायाचित्रांवरून उतरविलेले पुष्कळसे चेहरे होते. मी पाने उलटीत राहिलो आणि प्रत्येक चित्राला ‘छान’ म्हणालो. त्याला प्रवेश मिळाला नाही. नंतर भेटला तेव्हा शांतपणे म्हणाला, “सर, यांतली समोर पाहून काढलेली किती, असे त्यांनी विचारले. सातच निघाली. तुम्ही त्या दिवशी हेच विचारायला हवे होते.” मी ज्याला माया समजत होतो, तो माझा आळस होता.

याच इंदुरात दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली कलाशाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे तिचेच विद्यार्थी. मकबूल फिदा हुसेन त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. हुसेन यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की शहराबाहेर निसर्गचित्रे रंगविताना दोघांची ओळख झाली. बेंद्र्यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांच्या घरी जाऊन वडिलांना सांगितले, याला चित्रकार होऊ द्या. वडिलांनी ते मानले. बेंद्रे तेव्हा ना परीक्षक होते, ना नातलग. मुलाचा हात त्यांनी काम करताना पाहिला होता, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. हेच बेंद्रे १९५० पासून बडोद्याच्या कलाविद्याशाखेत अध्यापन करू लागले.

तेव्हा मुलांनो, फाइल अर्जाच्या आदल्या दिवशी दाखवू नका. चित्रे पुन्हा काढता येतील इतका अवधी हाती ठेवा. जो स्वतः चित्र काढतो, त्यालाच दाखवा. ‘कसे आहे?’ असे विचारलेत, तर ‘छान’ हेच उत्तर मिळेल. ‘यांतली कोणती काढून टाकू, आणि का?’ असे विचारा. कच्च्या रेखाटनांची वहीही पुढे ठेवा. हात कसा विचार करतो, ते तिच्यात दिसते.

वडीलधाऱ्यांनो, आपल्याला कळत नसेल तर तसे सांगावे आणि जाणकाराचे घर दाखवावे. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे चित्रकार, मूर्तिकार झाले आहेत, त्यांनी दरवर्षी प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी एक रविवार या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात येऊन बसावे, एवढीच माझी याचना आहे. गुरुजींचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.

तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षेस बसला. त्या वेळी फाइल घेऊन तो एका चित्रकाराकडे गेला. माझ्याकडे आला नाही. त्याने योग्यच केले.